डोंगरी कापडाची डंगरी

पुणे

चि. सोनूस,


छोट्याच्या नर्सरीतून कपड्यांची यादी आली आहे, तिच्यात ‘वॉटरप्रूफ डंगरीज’ लिहिलंय, आणि शेजारची अमेरिकन बाई त्याच कपड्याला ‘ओव्हरऑल्स’ म्हणते. तेव्हा नेमकं काय घ्यायचं, असं तू विचारलंस. चिखलापाण्यात खेळताना आतल्या कपड्यांवरून चढवायची, छातीपर्यंत येणारी आणि दोन पट्ट्यांनी खांद्यावर अडकवायची विजार, ती ही डंगरी. इंग्लंडातल्या कुठल्याही दुकानात याच नावाने माग, मिळेल. पण या शब्दाचं माहेर मुंबईत आहे, म्हणून त्याची सगळी हकिगत लिहिते.

मुंबईच्या कोटाच्या उत्तर अंगाला डोंगरीचा किल्ला होता. तिथे इंग्रजांनी १७६९ मध्ये फोर्ट जॉर्ज बांधला. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बाजूला त्याचे अवशेष आजही आहेत. किल्ल्यालगतच्या वस्तीत जाडंभरडं देशी सुती कापड विकलं जायचं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘डोंगरी कापड’ अशी नोंदच आहे. डोंगरी किल्ल्याजवळच्या पेठेत मिळणारं साधं देशी कापड हा त्याचा मूळ अर्थ. पुढे कुठल्याही हलक्या प्रतीच्या, स्वस्त सुती कापडाला ते नाव पडलं, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं ‘डंगरी’ झालं. मराठी वाचकाला डोंगरी माहीत असते ती १८८२ साली टिळक-आगरकरांनी तिथल्या तुरुंगात काढलेल्या १०१ दिवसांमुळे. त्याच डोंगरीच्या नावाचं कापड त्याच्या कितीतरी आधीपासून जगभर फिरत होतं.

किती आधीपासून? कॅप्टन जॉन सॅरिस हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस १६१३ च्या सुमारास मोलुक्का बेटांवर होता. लवंगांच्या बदल्यात तिथे जी हिंदुस्थानी कापडं चालत, त्यांच्या यादीत त्याने हे नाव जरा वेगळ्या स्पेलिंगने टिपून ठेवलं आहे. तेव्हा मुंबई अजून पोर्तुगीजांकडे होती.

घरगुती वापराचा पुरावा मिळतो तो मेरी फ्रिअरच्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ या १८६८ च्या पुस्तकात. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची ही मुलगी. आपली आया ॲना लिबराता डिसोझा हिच्याकडून तिने लोककथा ऐकल्या आणि त्याबरोबर त्या बाईचं आयुष्यही लिहून घेतलं. ॲनाच्या आजोबांचं घराणं मूळ कालिकतचं, ते गोव्याजवळ येऊन राहिलं आणि तिथेच आजोबा ख्रिस्ती झाले. जुनी स्वस्ताई आठवताना ॲना याच कापडाचा दाखला देते: आता ज्याला वाराला आठ आणे पडतात, ते पूर्वी रुपयाला वीस ते चाळीस वार यायचं. ज्यांना एकेक आणा जपून खर्चावा लागे, अशा माणसांच्या अंगावरचं हे कापड होतं.

समुद्रापलीकडेही ते कष्टकऱ्यांच्याच वाट्याला आलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात, न्यू साऊथ वेल्समध्ये वस्ती करणाऱ्या गरीब शेतकऱ्यांना ‘डंगरी सेटलर्स’ म्हणत, कारण दुसरं कापड त्यांना परवडतच नसे. त्याच देशात नोव्हेंबर १९१५ मध्ये क्वीन्सलंडमधल्या वॉरिक गावाहून ब्रिस्बेनपर्यंत सैन्यभरतीची पदयात्रा निघाली. वाटेत सामील होणाऱ्या तरुणांना तात्पुरता गणवेश म्हणून निळ्या डंगरीचे कपडे मिळाले, म्हणून ती ‘मार्च ऑफ द डंगरीज’ या नावाने इतिहासात गेली.

अमेरिकेत घोटाळा होतो तो इथे. लेव्ही स्ट्रॉस आणि शिंपी जेकब डेव्हिस यांनी २० मे १८७३ रोजी तांब्याच्या रिव्हेटी मारलेल्या पँटचं पेटंट घेतलं, तेव्हा त्या पँटला ‘वेस्ट ओव्हरऑल्स’ म्हणत. ‘जीन्स’ हे नाव रूढ व्हायला विसावं शतक बरंच पुढे सरकावं लागलं. अमेरिकन नौदलात खलाशांच्या निळ्या कामाच्या कपड्यांना ‘डंगरीज’ म्हणत आणि तिथली जुनी पिढी साध्या जीन्सलाही तेच म्हणायची. पट्टेवाली विजार मात्र ‘ओव्हरऑल्स’च राहिली. म्हणून तुझी शेजारीण चुकत नाही आणि नर्सरीही चुकत नाही. आता ब्रिटनमध्ये ‘ओव्हरऑल्स’ म्हटलं तर लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो गॅरेजमधल्या मेकॅनिकचा बाह्यांसकट अंगभर पोशाख. आपल्या लष्करात याच्या उलट आहे. चिलखती दलातले जवान घालतात तो बाह्यांचा अखंड काळा पोशाखसुद्धा ‘डंगरी’च.

वापराचं म्हणशील तर एक गोष्ट लक्षात ठेव. एकवचनी ‘डंगरी’ हे कापड. अंगात घालायची ती नेहमी अनेकवचनी ‘डंगरीज’, एकच असली तरी. मोजायची झाली तर ‘अ पेअर ऑफ डंगरीज’. दोन पायांच्या बहुतेक कपड्यांना इंग्रजी हाच नियम लावते. आपल्या पायजम्यालाही तिने शेवटी ‘ज’ जोडलाच. पण दुसऱ्या नामाच्या आधी आली की ती पुन्हा एकवचनी होते, म्हणून पट्टेवाल्या झग्याला ‘डंगरी ड्रेस’ म्हणतात.

ब्रिटनमध्ये या कपड्याला मानही मिळाला आहे. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा विमेन्स लँड आर्मीतल्या मुलींनी डंगरीज घालून शेतं नांगरली, गाईंच्या धारा काढल्या. १९७० च्या दशकात स्त्रीमुक्तीच्या चळवळीतल्या कितीतरी जणींनी ती आवर्जून घातली. बायकांना खिसे असलेला, वाकता-बसता-चढता येईल असा कपडा हवा होता, आणि तो त्यांना कामगारांच्या कपाटात सापडला.

इकडे पुण्या-मुंबईच्या दुकानांत लहान मुलांची ‘डंगरी’ सर्रास मिळते. घेणाऱ्या आईबापांना तो इंग्रजी शब्द वाटतो आणि विकणाऱ्यालाही. घेणारे मराठी, विकणारा मराठी, आणि शब्द मुंबईतल्या एका पेठेचा, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या शालेय मराठी कोशांत ‘डोंगरी कापड’ आणि ‘डंगरी’ एकाच नोंदीत, शेजारी-शेजारी छापावेत, म्हणजे डोंगरीत राहणाऱ्या एखाद्या पोराला आपल्या मोहल्ल्याचं नाव लंडनच्या दुकानातही चालतं हे शाळेतच कळेल. तसं पत्र मी एका कोशाच्या संपादकांना लिहायला घेतलं आहे; पुरं झालं की तुलाही पाठवते, वाचून सुधारणा सुचव.

जावईबापूंना नमस्कार, छोट्याला गोड पापा.

तुझी,
आत्या