हजेरी

आईच्या हजेरीपटावर माझं नाव सतरावं होतं.

घरून निघताना तिचं बोट माझ्या मुठीत असायचं. ओढ्याच्या फरशीवर आलो की ती हळूच बोट सोडवून घ्यायची, पदर खोचायची आणि भरभर पुढं चालायला लागायची. फरशीच्या अलीकडं आई, पलीकडं बाई. शाळेत तिनं माझं नाव आडनावासकट घ्यायचं आणि मी सगळ्यांसारखं ‘हजर, बाई’ म्हणायचं. हा करार आमच्यात कधी बोलून झाला नव्हता, पण तो मी पाळत होतो.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. चौथीपर्यंतची, दोन शिक्षकांची शाळा. जूनमध्ये वर्गात बसायला जागा नसायची. पण पावसाळ्यातच घराघरांत ऊसतोडीच्या मुकादमाची उचल आलेली असायची, आणि ती फेडायला दसऱ्यानंतर गाव रिकामं व्हायचं. वेशीपाशी ट्रक लागायचे. त्यात पिठाचे डबे, वाकळी, पाय बांधलेल्या कोंबड्या चढायच्या, आणि माझे वर्गमित्र. नवरा-बायकोच्या जोडीला ऊसतोडीत एकच नाव, ‘कोयता’. कोयता फडात गेला की कोपीवर, म्हणजे झोपडीवर, तान्ह्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. म्हणून सात वर्षांची थोरलीही ट्रकमध्ये चढायची. सांगली, कोल्हापूर, बेळगाव ही नावं आम्ही भूगोलाआधी अशी शिकलो.

ट्रक लागण्याआधीचा पंधरवडा आई संध्याकाळी घरी नसायची. भाकरी थापून, आजीला माझं बघायला सांगून, ती कंदील घेऊन वस्तीवर जायची. “अगं ताई, पोरीला म्हातारीपाशी ठेव. जेवायला माझ्याकडं येईल.” “बाई, खरंय तुमचं. पण धाकट्याला कोण बघंल?” या प्रश्नाला तिच्याकडं उत्तर नसायचं, तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. एका हंगामात दोन बहिणी आमच्याच घरी राहिल्या. माझी वाकळ त्यांना गेली.

जी पोरं जायचीच, त्यांच्या खिशात ती एक चिठ्ठी घालायची. त्या चिठ्ठीवर ‘या मुलास जवळच्या शाळेत बसू द्यावे’ एवढं लिहून ती थांबत नसे. खाली वळणदार अक्षरात आणखी असायचं: बाराखडी पक्की आहे, हातच्याची बेरीज शिकतो आहे, ओरडलं की गप्प होतो. उन्हाळ्याच्या तोंडी पोरं परतायची तेव्हा काही चिठ्ठ्या घामानं फडक्यासारख्या मऊ होऊन, न दाखवताच परत यायच्या. ती त्या वाचायची आणि बेरीज हातच्यापासून पुन्हा सुरू करायची.

दिवाळीनंतर पटावरच्या एकेचाळिसांपैकी एकोणीस उरायचो. पण हजेरी ती एकेचाळीस जणांचीच घ्यायची. नाव घ्यायची आणि थांबायची, एखाद्या पोरानं ‘हजर’ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढी. मग पुढचं नाव. १५ ऑगस्ट १९९५ पासून शाळांना पोषण आहार सुरू झाला. ज्याची हजेरी ऐंशी टक्के त्याला महिन्याला तीन किलो तांदूळ. तांदूळवाटपाच्या दिवशी तर ते थांबणं फार लांबायचं.

“गेलेल्यांची नावं कशाला घेतेस?” मी एकदा घरी विचारलं.

“आपण नाव घ्यायचं सोडलं की पोर खरंच जातं,” ती म्हणाली, आणि ज्वारी पाखडत राहिली.

मला त्या थांबण्याचा हेवा वाटायचा. मी रोज समोर होतो, म्हणून माझ्यासाठी ती कधी थांबलीच नव्हती. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, फोटोला झेंडूचा हार घालून ती दरवर्षी एकच गोष्ट सांगायची. पोटी मूल नव्हतं तरी सावित्रीबाईंनी यशवंताला आपला म्हणून वाढवलं, डॉक्टर केलं. आणि १८९७ च्या प्लेगात एका आजारी पोराला पाठीवर घेऊन त्याच यशवंताच्या दवाखान्यात नेलं. त्या साथीनंच त्या गेल्या. ऐन हंगामातल्या अर्ध्या रिकाम्या वर्गात ती हे सांगायची, आणि तिचा आवाज ‘पाठीवर’ या शब्दापाशी जड व्हायचा.

तिसरीत असताना त्याच दिवशी मी ठरवून गप्प बसलो. सतरावं नाव आलं. मी ओ दिली नाही. ती थांबली. खरंच थांबली, आणि तिची नजर सवयीनं आधी दाराकडं गेली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. काही न बोलता अठरावं नाव घेतलं.

संध्याकाळी फरशी ओलांडल्यावर तिनं माझं बोट धरलं. “आज सतरावा कुठं गेला होता?”

“इथंच होतो.”

“मग ओ द्यावी बाळा. जो आहे त्यानं ओ दिली, की जो नाही त्याला शोधायला बळ येतं.”

तेव्हा मला एवढंच कळलं की ती रागावलेली नाही. बाकीचं कळायला मला स्वतःला गाव सोडावं लागलं.

आता ती निवृत्त आहे. गावोगाव हंगामी वसतिगृहं झाली आणि कितीतरी पोरं गावात राहू लागली. तिचा एक विद्यार्थी अजूनही तोडीला जातो, पण लेकीला आजीपाशी ठेवून जातो. दसऱ्याला ट्रक मात्र अजून लागतात. पटावरची नावं अजून गप्प होतात. आणि कुठल्याशा शाळेत एखादी बाई अजून त्या नावांपाशी थांबत असेल. तिच्या गावात तुमची ओळखपाळख असेल, तर एखाद्या पोराच्या हंगामभराच्या जेवणाचं बघा. ते तिच्या हाताला हात लावणं आहे.

मी पुण्यात असतो. रोज रात्री आठला आईचा फोन येतो. आधी ती माझं नाव घेते, मग थांबते.

मी ओ देतो.