शेवटचा तांब्या

आम्ही ख्रिस्ती, आमच्या घरी अभ्यंगस्नान नसते. पण नागपुरात सदरच्या ज्या गल्लीत आम्ही राहतो, तिथे नरकचतुर्दशीला पहाटे चारपासून बादल्यांचा खणखणाट, उटण्याचा वास आणि पोरांची रडारड असा काही थाट असतो की, ख्रिस्ती माणसालाही अंथरुणात पडून राहणे कठीण. चौदा वर्षांपूर्वीच्या अशाच एका पहाटेची ही गोष्ट आहे. आजवर ती मी कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही.

आमची मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती, आणि तिच्यावरून घरात अबोल भांडण चालले होते. माझे घराणे स्कॉटिश मिशनचे. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नागपुरास आले (हिस्लॉप कॉलेजला नाव त्यांचेच), त्यांनी उभ्या केलेल्या मंडळीतले. आमच्यात मूल काही महिन्यांचे झाले की पाळक त्याच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. माझी सासुरवाडी अकोल्याची, अलायन्स मिशनची. त्यांच्यात तान्ह्याला बाप्तिस्मा नाही. माणसाने मोठे व्हावे, विश्वास धरावा, तो स्वतःच्या तोंडाने सांगावा आणि मग नखशिखांत पाण्यात बुडून वर यावे. लग्न ठरताना मानपानाची बोलणी झाली, जेवणावळीची झाली. पाण्याचा प्रश्न कोण काढतो!

आदल्या संध्याकाळी सासरे अकोल्याहून नातीला पाहायला आले होते. माझी आजी तेव्हा पंच्याऐंशीची. मध्ये चौरंगावर तिचे जुने, पाठ उसवलेले बायबल. तिला दिसत नसे, पण अध्याय पाठ. तिने प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय काढायला लावला. फिलिप्पै गावच्या तुरुंगात भूकंप होतो, तुरुंगाचा अधिकारी घाबरून पौल आणि सीला यांच्या पायांशी येतो, त्यांच्या जखमा धुतो आणि त्याच रात्री सगळ्या घरादारासकट बाप्तिस्मा घेतो.

"व्याही," आजी म्हणाली, "सगळ्या घराला देल्ला ना? मंग त्या घरचं तान्हं लेकरू तेवढ्या वेळ शेजारणीकडं ठेवलं होतं का?"

सासरे हसले. "आजी, तान्हं होतं असं कुठं लिहिलंय? आणि पुढचंही वाचा. सारं घर विश्वास ठेवून आनंदित झालं, असं आहे. तान्ह्याला विश्वास ठेवता येतो का?"

"आनंद तं करता येते नं? पाहा, हासून राह्यली."

खरोखरच ती हसत होती. मी शाळामास्तर, दोन मुलांच्या भांडणात निकाल देण्याची मला सवय. इथे मात्र दोघांचेही उत्तर बरोबर दिसत होते, आणि पुस्तक एकच होते.

सासऱ्यांनी टिळकांचा दाखला काढला. रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्या नागपुरात राहिलेले. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. त्यांनी ते वाचले, त्याच्याशी भांडले आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तर नवऱ्याच्या मागोमाग उडी घेतली नाही. आपली खात्री पटेपर्यंत त्या काही वर्षे थांबल्या. "हा खरा मार्ग," सासरे म्हणाले.

"ते बाहेरून आले," आजी म्हणाली. "आमची पोरगी घरात जन्मली. घरातल्या लेकराले दारावर काहून थांबवता?"

बाप्तिस्मा हा शब्दच पाहा. तो मराठी नाही. मूळ ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ बुडवणे. पण शुभवर्तमानात तोच शब्द भांडी धुण्याच्या रीतीसाठीही आला आहे. १८३० नंतरच्या दशकात बंगालमधल्या बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली बायबलात त्याचे 'बुडवणे' असे सरळ भाषांतर केले, तेव्हा लंडनच्या बायबल सोसायटीने त्या आवृत्तीला पैसे नाकारले. कारण शिंपडणारे काय म्हणतील! मराठीत ग्रीक शब्दच राहिला, आणि शिंपडणारा व बुडणारा आपापला अर्थ घेऊन तेच पुस्तक वाचू लागला. मी कादंबऱ्या लिहितो; शब्द उघडा करण्याऐवजी झाकून ठेवला तर माणसे एका ओसरीवर बसू शकतात, हे मला मोठे नवलाचे वाटते.

बसलीही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आमच्याच नागपुरात, ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात, उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मास आले. त्यांत अँग्लिकन होते, आमचे प्रेस्बिटेरियन होते, तसेच तान्ह्यांना बाप्तिस्मा न देणारे बाप्टिस्टही होते. वर्षानुवर्षे वाटाघाटी चालल्या होत्या. शेवटी ठरले की दोन्ही रीती मान्य. ज्या घराला जी पटेल ती. आजी त्या दिवशी त्या गर्दीत होती.

म्हणून त्या संध्याकाळी मी म्हणालो, "आजी, तुमच्याच चर्चने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. आपण मुलीला फक्त आशीर्वाद घेऊ. मोठी झाली की ती ठरवील." बायकोचा चेहरा उजळला. आजी काही बोलली नाही. बायबल मिटून तिने ते फडक्यात बांधले. तिच्या डोळ्यांदेखत पणतीचा बाप्तिस्मा व्हावा, एवढेच तिने माझ्याकडे कधी मागितले होते, आणि तेवढेच मी नाकारले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीच्या गलबल्याने मला जाग आली. न्हाणीघरात दिवा होता. आजी पाटावर पाय लांब करून बसली होती, पायांवर मुलगी. तिला अंघोळ आजीच घालीत असे, त्यात नवे काही नव्हते. पण त्या दिवशी तिने शेवटच्या तांब्यातले पाणी डोक्यावर एकदम ओतले नाही. ओंजळीने थोडे, मग थोडे, मग थोडे. तीन वेळा. ओठ हलत होते. शेजारच्या अंगणात तेव्हाच फटाक्यांची माळ लागली, आणि ती काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही.

शेवटचा तांब्या घालताना कोणती आजी काही पुटपुटत नाही? मी पाय न वाजवता परत फिरलो. तीन वर्षांनी आजी गेली. मी तिला विचारले नाही.

पुढे एकदा गल्लीतल्या गोवेकर गृहस्थांना मी आडवळणाने विचारले. ते कॅथलिक, सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथीड्रलला जाणारे. व्हॅटिकनची १९६२ ते १९६५ ची परिषद होईपर्यंत त्यांची उपासना लॅटिनमध्ये चाले, हे त्यांनीच मला सांगितलेले. "तुम्ही लोक सगळं पुस्तकात शोधता," ते म्हणाले. "आम्ही पुस्तक वाचतो ते चर्चच्या परंपरेचा हात धरून. त्या परंपरेत असं आहे की, जीव धोक्यात असला तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. पाणी हवं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही नावं हवीत, आणि मनात हेतू हवा." आमच्या मुलीला साधी सर्दीदेखील नव्हती. धोक्यात होता तो आजीचा वेळ.

यंदा मुलगी चौदाची झाली. दसऱ्याच्या सुमारास ती आपण होऊन म्हणाली, "बाबा, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. अकोल्याच्या आजोबांसारखा, बुडून." अकोल्याला फोन गेला; सासरे फोनवर रडले. बायकोने पेढे आणले. मुलीने आजीचे उसवलेले बायबल बांधून घेतले आहे आणि तोच सोळावा अध्याय ती सध्या वाचते आहे.

काल पाळकसाहेबांनी अर्ज दिला. एकदा झालेला बाप्तिस्मा आमच्यात पुन्हा देत नाहीत. त्यामुळे अर्जात नाव, जन्मतारीख आणि आईबापांची नावे यांच्याखाली एक रकाना आहे: पूर्वी बाप्तिस्मा झाला आहे काय? बाकीचा अर्ज मुलीने सुवाच्य अक्षरात भरला आणि हा रकाना सोडून कागद माझ्यापुढे ठेवला. "हे तुम्ही लिहा, बाबा. मला काय माहीत!"

अर्ज टेबलावर आहे. परवा नरकचतुर्दशी.