माळ्यावरची गिटार

आमच्या घरची दिवाळीची साफसफाई दरवर्षी माळ्यापाशी येऊन थांबते. वर चढायचे कोणी, हा वाद आम्ही पाडव्यापर्यंत लांबवतो आणि मग पुढल्या वर्षावर ढकलतो. खरे कारण वेगळेच आहे. माळ्यावर एक गिटार आहे. ती मी तिथे ठेवली. मुलगा तेव्हा बारावीत होता. “परीक्षा झाली की काढून देईन,” असे मी त्याला म्हटले होते. परीक्षा झाली, तो इंजिनिअर झाला, लग्न झाले. त्याने मागितली नाही आणि मीही काढून दिली नाही.

गेल्या दिवाळीत तो बायकामुलांसह आला होता. लक्ष्मीपूजन आटोपले, फराळ झाला आणि नातवाने टेलिव्हिजनवर ‘क्वीन’ या विलायती वाद्यवृंदावरचा माहितीपट लावला. बीबीसीने २०११ साली केलेला, चांगला दोन भागांचा. आता कानांवर काय प्रसंग गुदरतो, या भीतीने मी एक चकली घेऊन कोपऱ्यात बसलो.

त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारुख बलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी, असे नातवाने सांगितले. “अगबाई! म्हणजे आपल्या पाचगणीचा!” आमची मंडळी उद्गारली. तेवढ्याने तो आमच्या घरचा झाला. आईबाप समुद्रापार आणि पोर आठव्या-नवव्या वर्षी वसतिगृहात, हे ऐकून तिने त्याच्या नावाने एक सुस्कारासुद्धा सोडला.

पण माझे लक्ष लागले ते त्या कुरळ्या केसांच्या उंच गिटारवाल्याकडे. ब्रायन मे त्याचे नाव. दुकानातली गिटार परवडेना, म्हणून १९६३ साली बापलेकांनी ती घरीच करायला घेतली. बाप इलेक्ट्रॉनिक्समधला जाणकार. गिटारीच्या मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड घेतले, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या आणि पट्टीवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे! दोन वर्षे खपून केलेली ती गिटार तो पुढे जन्मभर वाजवत राहिला.

मला तो बाप फार आवडला. पण गंमत पुढेच आहे. मुलगा लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजात खगोलशास्त्रात डॉक्टरेट करीत होता. ती अर्धी टाकून तो गाण्याबजावण्याच्या मागे लागला, तेव्हा ज्या हातांनी गिटार घडवली त्याच हातांनी बापाने कपाळ बडवून घेतले. बापलेकांत दुरावा आला. पुढे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुलाने वडिलांना आपला कार्यक्रम ऐकायला नेले. तो तुडुंब भरलेला प्रेक्षागार पाहून वडिलांनी मुलाचा हात हातात घेतला आणि आता मला कळले, अशा अर्थाचे काहीतरी ते बोलले, अशी हकीकत ब्रायननेच सांगितली आहे. डॉक्टरेट त्याने २००७ साली, साठीच्या उंबरठ्यावर पुरी केली. म्हणजे बापाची काळजी अगदीच वाया गेली नाही!

हे नातू मला सांगत होता तेव्हा त्याचा बाप ताटे गोळा करीत होता. तो काही बोलला नाही. ताटे घेऊन आत गेला आणि जरा जास्तच वेळ आत राहिला.

रात्री मला झोप लागेना. त्या गृहस्थांना निदान आपल्या मुलाचे वाजवणे ऐकायला मिळाले. आमच्या पोराच्या हातात काय होते, हे मी बघूच दिले नव्हते. कदाचित काहीच नसेल. पण ते त्याला तरी कळायला हवे होते.

पाडव्याच्या पहाटे मी स्टूल लावले. बायको ओरडली, “पडाल!” पडलो नाही. चादरीत गुंडाळलेली गिटार खाली उतरवली. मुलगा दात घासत उभा होता. त्याने चूळ भरली, हात पुसले, गिटार मांडीवर घेतली. दोन तारा तुटलेल्या, उरलेल्या गंजलेल्या. त्याने एक छेडली. फार बेसूर आवाज आला.

“बाबा, तारा बदलाव्या लागतील,” तो म्हणाला.

“दुकान कुठे आहे सांग,” मी म्हणालो, “मीच आणतो.”

भाऊबीज होईपर्यंत घरात त्या गिटारीची कुरकुर चालू होती. त्याची बोटे सोलवटली. वाजवणे म्हणाल, तर अगदी सामान्य. मी मात्र एकदाही उठून गेलो नाही.