प्रतिष्ठित रहिवासी

मला आयुष्यात 'प्रतिष्ठित' असं एकदाच कोणी म्हटलं आहे, आणि तेही पोलिसांनी. एरवी भाईंदरच्या आमच्या सोसायटीत मला पाहून वॉचमनसुद्धा स्टुलावरून उठत नाही.

गोष्ट २०१६ सालची. ऑक्टोबरात शेजारच्या मीरा रोडला ठाणे पोलिसांनी कॉल सेंटरांवर धाडी घातल्या आणि ७०० हून अधिक मंडळी एका झटक्यात ताब्यात घेतली. 'आम्ही अमेरिकेच्या आयकर खात्यातून बोलतोय' अशी दमदाटी करून तिकडच्या लोकांकडून पैसे उकळायचे, असा तो धंदा. आपल्या आयकर खात्याचा साधा लिफाफा आला तरी माझ्या घशाला कोरड पडते. इथे आमच्याकडची पोरं थेट अमेरिकनांना घाम फोडत होती! वाईट गोष्ट खरी, पण जरासा अभिमानही वाटून गेला.

त्यानंतर महिनाभर आमच्याकडे ज्याच्या घरी कॉम्प्युटर तो संशयित आणि जो इंग्रजी बोलेल तो फरारी. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. रात्री दोन-दोनपर्यंत कानाला हेडफोन लावून इंग्रजीत बोलायचा. तोंडी परीक्षेची तयारी करत होता, हे मागाहून कळलं.

एके सकाळी हवालदार दारात. "काका, जरा पंच म्हणून चला. वस्तीतला प्रतिष्ठित माणूस लागतो कायद्यानं."

"शर्ट तरी बदला," सौ. म्हणाली. "प्रतिष्ठित म्हणतायत."

वर गेलो तर पडदा काळा आणि त्यावर पांढरी अक्षरं.

"हे काय?"

"साहेब, प्रोग्रॅम आहे."

"मग चित्रं कुठायत?"

याला पोराकडे उत्तर नव्हतं. पुढे वाचनात आलं, की २००९ साली अमेरिकेत बोस्टन कॉलेजच्या एका विद्यार्थ्याचं सामान पोलिसांनी उचललं, तेव्हा वॉरंटच्या अर्जात काळा पडदा आणि पांढरी अक्षरं हाही एक संशयाचा मुद्दा होता. पोलिसांची रंगांची जाण साता समुद्रापारही तीच! फक्त तिथल्या न्यायाधीशबाईंनी दोन महिन्यांच्या आत ते वॉरंट रद्द केलं.

पंचनामा सुरू झाला. लोखंडी डबा, काळा, नग एक. टीव्हीसारखा पडदा, नग एक. बटणांची पाटी, नग एक. माऊस, शेपटीसह, नग एक. प्रिंटर, एक्स्टेन्शन बोर्ड, आणि आत्याच्या लग्नाची सीडी. पुरावा म्हणून जे काही असेल ते त्या डब्यातल्या हार्ड डिस्कवर. तिचा नंबर टिपायचा, हुबेहूब प्रत काढायची, मूळ आणि प्रत जुळतात याची आकड्यांत नोंद ठेवायची. म्हणजे मागाहून कोणी बोट लावलं तर कळतं. यातलं काही झालं नाही. मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी तोंड उघडलं असतं का, ते विचारू नका.

"साहेब, प्रोजेक्ट तेवढा पेनड्राइव्हवर घेऊ?" पोरानं विचारलं.

हवालदाराचा चेहरा उजळला. "पेनड्राइव्ह पण आहे?"

नग एक वाढला. मी सही केली. न वाचता.

कॉल सेंटरशी त्याचा संबंध निघाला नाही. गुन्हासुद्धा दाखल झाला नाही. सामान मात्र मुद्देमालाच्या खोलीत. जप्त वस्तू ठाण्यात १५ दिवस ते महिना, याहून जास्त ठेवू नका, असं सुप्रीम कोर्टानं २००२ सालीच सांगून ठेवलंय. ते त्या खोलीपर्यंत पोचायचं होतं. कोर्टात अर्ज, हमीपत्र आणि बापाच्या सहा रजा खर्ची पडून ११ महिन्यांनी सगळं परत आलं. माऊस शेपटीसह. डिस्क काही चालू झाली नाही. पोराचं वर्ष गेलं.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात झडतीचं, जप्तीच्या यादीचं, पंचांच्या सह्यांचं चित्रीकरण करावंच लागतं. माझ्या वेळी असतं तर त्या पोराची विनवणी त्यात आली असती. आणि बाजूला मान खाली घालून पेनाचं टोपण शोधणारा एक प्रतिष्ठित रहिवासी.

हो, एक राहिलंच. धाडीनंतरच्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मीच म्हणालो होतो, "आमच्या तिसऱ्या मजल्यावरही रात्रभर अमेरिका चालू असते." सगळे हसले होते. सेक्रेटरी तेवढे हसले नव्हते.