चादरीची दुसरी बाजू

अण्णा चादरी विणायचे, पण आमच्या घरात चादर नव्हती. आईच्या जुन्या लुगड्यांची एक वाकळ होती आणि तिच्याखाली आम्ही तिघं भावंडं. मधल्याला ऊब मिळायची, कडेच्या दोघांची रात्रभर ओढाओढ चालायची. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण शाळेत शिकवली, तेव्हा मला ती झोपण्याबद्दलचीच वाटली होती.

आजोबा जुन्या मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेली सोलापूरची ही पहिली कापड गिरणी. साठच्या दशकात ती बंद पडली आणि आमचं घर यंत्रमागाच्या आधारावर आलं. अण्णांची पाळी बारा तासांची. एखाद्या रविवारी पगार घ्यायला जाताना ते मला बरोबर न्यायचे. मागाच्या डोक्यावर जकार्ड बसवलेलं असायचं. त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरायची आणि खाली दोऱ्यादोऱ्यानं मोर उमटायचा. पुठ्ठ्यातल्या भोकांतून मोर कसा येतो, हे मला कळायचं नाही. अण्णा कापड उलटून दाखवायचे. “सोलापुरी चादरीला उलटी बाजू नसती बघ. हिकडं जे लाल, ते तिकडं पांढरं. नक्षी तीच.” माग बंद झाल्यावरही ते ओरडूनच बोलायचे, कारण खडखडाट कानात राहिलेला असायचा. त्यांच्या भुवयांवर कापसाची बारीक लव असायची. १९८१ साली ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आधी वर्षभर खोकला होता.

आई आधीपासूनच बिड्या वळायची. आता दिवसाला हजार पुऱ्या केल्याशिवाय चूल पेटेना. रात्री पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, पहाटे मांडीवर सूप आणि हातात कात्री. कारखान्यात मोजून देताना वाईट म्हणून काढलेल्या बिड्यांची मजुरी मिळायची नाही. ती कधी कुणाला बोलली नाही. फक्त त्या दिवशी भाजीत पाणी जास्त असायचं. शेवटी शाळेतल्या बाईंनीच देणगीवर चालणाऱ्या एका वसतिगृहात माझी सोय लावली. आईनं पिशवीत दोन सदरे घातले, आणि मला निरोप देताना ती रडली नाही. ती परत जाताना रस्ता ओलांडून पलीकडे थांबली होती, हे मला फार उशिरा, धाकट्या भावाकडून कळलं.

त्या संध्याकाळी आम्हा नव्या मुलांना चादरी वाटल्या. माझी निळी, पांढऱ्या मोराची, घडीच्या रेघा अजून कडक असलेली, मांडाचा वास येणारी. मी ती अंगावर घेतली आणि पाय लांब केले. पाय बाहेर आले नाहीत. आणखी लांब केले, तरी आले नाहीत.

ती कुणी दिली, हे कुणी सांगितलं नाही. कार्यक्रम नव्हता, फोटो नव्हता. पहिल्या सुट्टीत घरी नेली तर आईनं कापड चिमटीत धरून बराच वेळ पाहिलं. “हे घडी मोडलेलं नाही, नवंच दिलंय,” ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं सगळं त्या एका शब्दात होतं.

पुढं ती चादर पुण्याला आली. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली सुरू केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहात मला जागा मिळाली. शिकता शिकता काम करायचं, हा तिथला शिरस्ता. पुण्याच्या थंडीत ती पांघरली. मे महिन्यात सोलापुरी आल्यावर तीच ओली करून खिडकीला लावायची, म्हणजे झळ कमी लागे. नोकरी लागली, लग्न झालं, मुलीची झोळी तिचीच बांधली. २००६ मध्ये आई कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत, विडी कामगारांच्या दहा हजार घरांपैकी एका घरात राहायला गेली. ते घर मात्र दान नव्हतं. ते संघटनेनं लढून मिळवलं होतं आणि त्यात कामगारांचे स्वतःचेही पैसे होते. आईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या दाराला कुलूप लावलं. दान आणि हक्क यांची गल्लत होऊ नये असं मला त्यामुळं फार वाटतं. हक्काचं पोटभर मिळालं असतं तर मला वसतिगृहात जावंच लागलं नसतं.

पण जावं लागलं, आणि तिथं मला कुणीतरी कोरी चादर दिली. साताऱ्याच्या बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, हे आपण सगळे शाळेत शिकलो. त्यांनी अडगळीतलं काही दिलं नव्हतं, हे मात्र आपल्या लक्षात राहत नाही.

हे मला काही वर्षांपूर्वी नीट समजलं. माझ्या त्या पहिल्या वसतिगृहासाठी मी ओळखीच्यांना पांघरुणं मागितली. चार पोती आली. इस्त्रीनं जळलेली, उसवलेली, डाग पडलेली. एका मुलानं आपल्या वाट्याची चादर उलगडली, मध्यावरचं भोक पाहिलं, आणि भोक आत जाईल अशी पुन्हा घडी घातली. तक्रार केली नाही. मला थँक्यू म्हणाला. त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हापासून मी दर दिवाळीआधी सोलापूरच्या नवी पेठेतून तीस चादरी घेतो आणि गठ्ठा न सोडता पोचवतो. माझी जुनी निळी चादर आता विरली आहे. मोराचा रंग दोन्ही बाजूंनी सारखाच फिका झालाय. ती कपाटात आहे, ती मी कुणाला देणार नाही.

तुमच्या गावातही एखादं वसतिगृह असेल. थंडी पडायच्या आत तिथं जा. चादर द्यायची तर दुकानातून घ्या, घडी मोडू नका. आणि मोठ्या मापाची घ्या. मुलं वाढतात.