ध्वनिवर्धकाचे घर

ट्रान्झिस्टर घरोघर येण्यापूर्वी ध्वनी वाढविण्याचे काम काचेच्या निर्वात नलिका करीत. १९४७ साली डी. टी. एन. विल्यमसन यांनी इंग्लंडमधील ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात अशा नलिकांच्या ध्वनिवर्धकाचा आराखडा प्रसिद्ध केला आणि अनेक हौशी मंडळींनी तो घरीच तयार केला. गाणे स्वच्छ ऐकू येऊ लागले. परंतु पत्र्याच्या बैठकीवरील त्या उघड्या नलिका अन् खालचे तारांचे जाळे दिवाणखान्यात शोभेना. शोभेचे एक वेळ राहो. त्या तारांत चारशे व्होल्टहून अधिक दाब! एखाद्या लहानग्याचे बोट तेथे गेले तर? त्या यंत्रास घर हवेच होते.

सागाच्या फळ्या रंध्याने गुळगुळीत करून चहूकडून बंद पेटी केली, तर ती देखणी दिसेल. पण आतल्या नलिका तापून तिची भट्टी होईल. ऊन हवा वर चढते. म्हणून गार हवा आत येण्यास तळाशी आणि ऊन हवा बाहेर जाण्यास माथ्यावर छिद्रे ठेवावी लागतात. ती बोट शिरणार नाही इतकी बारीक असावीत. पेटीस पाय नसले, तर तळची छिद्रे मेजावर टेकून बुजतात, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही! लाखेचे पॉलिश सागावर फार खुलते खरे. पण लाख उष्णतेने मऊ पडते. नलिकांवरच्या फळीस ते न लावलेलेच बरे. जाणता कारागीर तेथे फळीऐवजी पितळी जाळीच बसवितो. रात्री दिवा मालवला, की तिच्यातून नलिकांचा तांबूस उजेड दिसतो.