अंदाज आणि माप

स्वयंपाकाविषयी धर्मगुरूने लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. ज्याला संसार नाही त्याला फोडणीचे काय कळणार, असेही कोणी म्हणेल. परंतु घरभेटींच्या निमित्ताने जितकी स्वयंपाकघरे आम्ही पाहिली, तितकी क्वचितच कोणा गृहिणीने पाहिली असतील. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील आपली बहुतेक घरे लहान. पाहुणा जिथे बसतो तिथून शेगडी चार पावलांवर असते. आशीर्वादाची प्रार्थना संपेपर्यंत ओट्यावर काय शिजते आहे, याची वर्दी नाकाला मिळालेली असते.

त्या वासावरून घराचे मूळ गाव ओळखता येते. बाटली मसाल्याचा दरवळ आला की समजावे, माणसे वसईकडची किंवा साष्टीतील. माडाच्या व्हिनेगरचा आंबूस वास आला तर गोवा. ओट्यावर ज्वारीचे पीठ आणि काळा मसाला दिसला तर नगर-जालन्याकडचे घर. खोबरेल तेलात कढीपत्ता तडतडला तर केरळ. रविवारच्या मिस्सेला एका बाकावर बसणारी ही माणसे सोमवारी निरनिराळ्या प्रांतांत जेवतात. पोटापाण्यासाठी आलेल्या लोकांनी आपापले गाव डब्यांत भरून इथे आणले आहे.

मात्र हे डबे आता हळूहळू रिकामे होत आहेत, अशी आमची चिंता आहे. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. जाण्यायेण्यात रोजचे तीन तास मोडतात. रात्री आठला स्टेशनवर उतरलेल्या माउलीने कोपऱ्यावरून पाव आणि तयार भाजी घेतली, तर तिला दोष देणारे आम्ही कोण? दोष तिचा नाही. प्रश्न एवढाच की आईच्या हाताला जे येत होते, ते लेकीपर्यंत आणि लेकापर्यंत पोहोचण्याची वाट कोणती? पूर्वी ती वाट चुलीपाशी बसून जात असे. आता बसायला वेळ नाही.

उदाहरणासाठी पावच घेऊ. पोर्तुगीज गोव्यात आले १५१० मध्ये आणि वसई त्यांच्या हाती गेली १५३४ मध्ये. त्यांच्या भाकरीला खमीर हवे आणि इथे ते मिळेना, म्हणून माडाची आंबलेली माडी पिठात घालून ती फुगवली गेली. ‘पाव’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतला. पुढे हाच पाव विटाळाचे कारण ठरला. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेले गावच्या गाव ‘बाटले’, अशा आख्यायिका आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेल्या आहेत. काळाची गंमत पाहा. ज्या पावाने माणसे वाळीत पडली असे सांगतात, त्याच पावात वडा घालून आज सारा मुंबई इलाखा लोकल गाठतो.

उल्हासनगरात याच पावाला ‘डबल’ म्हणतात, आणि तिथे छोल्यांबरोबर तो आवडीने खातात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार सिंधमध्ये सोडून आलेल्या त्या माणसांना आपली चव मात्र सोडून यावी लागली नाही. पालक, आंबट चुका, हरभऱ्याची डाळ आणि घरात असतील त्या भाज्या एकाच भांड्यात शिजवून केलेली त्यांची साई भाजी ही काटकसर आणि पोषण यांची उत्तम सोयरीक आहे. त्यांची कोकीही तशीच. कांदा, मिरची आणि मोहन घातलेल्या घट्ट पिठाचा जाड गोळा आधी तव्यावर अर्धवट भाजायचा, मग पुन्हा लाटून मंद आचेवर तुपात खरपूस करायचा. दोनदा भाजल्याने ओलावा कमी होतो, म्हणून ती प्रवासात टिकते. ही कृती आम्हांला एका सिंधी शेजारणीने शिकवली. शिकवताना प्रत्येक पायरीचे ‘का’ तिने सांगितले, म्हणून ती लक्षात राहिली.

आमचे सांगणे या ‘का’पाशीच येते. कृती पाठ केली तर एक पदार्थ येतो. कारण कळले तर दहा येतात. सेमिनरीत असताना सुट्टीच्या दिवशी आम्ही भटारखान्यात मदतीला जात असू. तेथील वृद्ध आचारी फारसे शिकलेले नव्हते, पण एकाच मैद्याच्या दोन स्वभावांविषयी ते बोलत तेव्हा एखादे प्राध्यापक बोलत आहेत असे वाटे. मैद्यात पाणी घालून मळत राहिले की त्यातील प्रथिनाची चिवट जाळी होते. पावाला ती हवी असते, कारण खमिरातून निघणारा वायू तीच धरून ठेवते. म्हणून पावाचे पीठ दहा-बारा मिनिटे नेटाने मळावे. केकला तीच जाळी नको असते. म्हणून केकमध्ये मैदा पडल्यावर पीठ जेमतेम एकजीव करावे, फेटत बसू नये. पाव बसका होतो तो बहुधा आळसाने आणि केक वातड होतो तो बहुधा उत्साहाने, असे ते म्हणत.

घरी पाव करायला भट्टी लागत नाही. अर्धा किलो मैदा, दीड लहान चमचा सुके यीस्ट, दीड लहान चमचा मीठ, दोन मोठे चमचे साखर आणि सुमारे ३०० मिलिलिटर कोमट पाणी घ्यावे. पाणी बोटाला सुखद वाटेल इतकेच कोमट असावे. खमीर सजीव आहे; चटका बसेल अशा पाण्यात ते मरते आणि मग कितीही वाट पाहिली तरी पीठ वर येत नाही. मळण्याच्या शेवटी दोन मोठे चमचे लोणी घालावे. पीठ झाकून ठेवावे आणि घड्याळाऐवजी त्याच्याकडे पाहावे. बदलापूरच्या एप्रिलमध्ये ते तासाभरात दुप्पट होईल. जानेवारीत कदाचित दुप्पट वेळ घेईल. मग गोळे करून, तेलाचा हात लावलेल्या डब्यात शेजारी शेजारी ठेवून, पुन्हा फुगू द्यावे. निम्मी कणीक घालायची असेल तर पाणी थोडे वाढवावे, कारण कोंडा पाणी पितो.

आता भाजणे. जाड बुडाच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात बोटभर जाड मीठ पसरावे, त्यावर लहानशी स्टीलची कडी ठेवावी आणि घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. कडीवर पावाचा डबा ठेवून ३५ ते ४० मिनिटे भाजावे. मीठ उष्णता सर्वत्र सारखी पसरवते आणि तळ करपू देत नाही. तेच मीठ पुढच्या खेपेलाही वापरता येते, मात्र स्वयंपाकात घालू नये. खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की पाव झाला. वरून तांबूस हवा असेल तर तव्यावर दोन मिनिटे पालथा घालावा. कुकर वापरणाऱ्यांनी शिटी आणि रबरी कडे काढूनच वापरावा, आणि कंपनीच्या सूचनेत कोरडा तापवू नये असे लिहिले असेल तर तो मोह टाळावा. नॉनस्टिकचे भांडे रिकामे तापवू नये.

खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर यांची गल्लतही अनेक घरांत होते. सोड्याला काम करायला आंबट सोबती लागतो. दही, ताक किंवा लिंबू नसेल तर केकला साबणासारखी चव येते. बेकिंग पावडरीत तो सोबती आधीच मिसळलेला असतो. म्हणून एकाच्या जागी दुसरे तितकेच घालू नये. एका मोठ्या वाटीभर मैद्याला एक लहान चमचा बेकिंग पावडर पुरते. सोडा असेल तर त्याचा चौथा हिस्सा आणि अर्धी वाटी दही. डाळ लवकर शिजावी म्हणून मात्र सोडा घालू नये, कारण त्याने डाळीतील ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट होते. त्यापेक्षा ती सकाळी कामावर निघताना भिजत घालावी. संध्याकाळी गॅसही वाचतो आणि वेळही.

आणखी दोन गोष्टी. चिंच, कोकम किंवा जूनमधल्या बदलापुरी जांभळांचा रस ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवू नये. आंबटपणा धातूला खातो आणि तो धातू आपण खातो. आणि उरलेला भात रात्रभर ओट्यावर राहू देऊ नये. भातात काही जंतूंची बीजे शिजवूनही जिवंत राहतात, उष्ण हवेत वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. निवला की लगेच फ्रीजमध्ये ठेवावा.

ही माहिती क्षुल्लक वाटेल. ती क्षुल्लक नाही, हे आम्हांला अंबरनाथच्या एका घराने दाखवले. त्या घरातील वृद्ध माता देवाघरी गेली. महिन्याच्या मिस्सेनंतर आम्ही चहाला बसलो असता तिची मुलगी म्हणाली, “फादर, आईचे कपडे आहेत, फोटो आहेत, रोझरी आहे. फुग्यांची चव तेवढी गेली. विचारलं की म्हणायची, अंदाजानं घाल. तो अंदाज तिच्याबरोबर गेला.”

फुगे म्हणजे आपल्या ईस्ट इंडियन लग्नघरांतले ते गोल, तळलेले, हलके फुगे, पीठ मुठीत धरून अंगठ्याच्या बेचक्यातून तेलात सोडायचे. आम्ही तिला म्हटले, “हात गेला, पण त्या हाताचे काम तुम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे. आठवेल तेवढे सांगा.” ती सांगू लागली आणि आम्ही मिस्सेच्या पत्रकाच्या पाठीमागे लिहीत गेलो. नारळ एकच फोडायची. अंडी दोन. मैदा त्या निळ्या डब्याने, आणि तो डबा अजून घरातच होता. मोजला तर अर्ध्या किलोचा निघाला. पीठ हाताला चिकटायचे, पण ओघळायचे नाही. सकाळच्या मिस्सेला जाताना भिजवायची आणि परतल्यावर तळायची. म्हणजे दोन तास. आठवणीतून एकेक माप बाहेर येत होते.

पुढच्या रविवारी पहिला प्रयत्न झाला, मग दुसरा. तिसऱ्या खेपेला तिने एक डबा आमच्याकडे पाठवला. सोबत आलेल्या तिच्या धाकट्या भावाला आम्ही विचारले, “जमले का?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आईचे नाहीत, फादर. पण आमच्या घरचे आहेत.”

या उत्तराचा आम्ही पुष्कळ विचार केला. आईची चव परत आणता येत नाही. ती तिच्या हाताबरोबर पुरली जाते. घराची चव मात्र राखता येते, आणि ती राखण्याचे साधन म्हणजे अंदाजाचे केलेले माप. अंदाज हे ज्ञान नव्हे असे आम्ही म्हणत नाही. तो पन्नास वर्षांच्या कामातून बोटांत उतरलेला असतो. पण बोटांतले ज्ञान बोटांबरोबर जाते, आणि कागदावर उतरलेले नातवंडांपर्यंत पोहोचते.

प्रभू येशूने देवराज्याची उपमा देताना पीठ मळणारी एक स्त्री डोळ्यांसमोर ठेवली. तिने तीन मापे पिठात खमीर मिसळले. ही मापे आपल्या वाटीसारखी लहान नव्हेत. तेवढ्या पिठाच्या भाकरी शंभरावर माणसांना पुरतील, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे ती बाई एकट्या घरापुरते मळत नव्हती. आपल्या पट्ट्यातही असेच आहे. वसईचे फुगे, नगरची भाकरी, सिंध्यांची कोकी आणि मंगळूरकरांचे सान्ना एका धर्मग्रामाच्या सणाला एका टेबलावर येतात, तेव्हा निरनिराळ्या गावांहून आलेली माणसे एका गावाची होतात. त्यातील एक भांडे कमी झाले, तर तेवढे आपण सगळेच गरीब होतो.

म्हणून प्रत्येक घरी एक वही असावी, अशी आमची विनंती आहे. डाव्या पानावर आई किंवा आजी जे म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहावे: ‘मूठभर’, ‘नखभर’, ‘पीठ रडायला लागलं की थांब’. उजव्या पानावर तिची मूठ वाटीत मोजून तिचे माप लिहावे, आणि त्याखाली ‘का’ हा प्रश्न विचारून मिळालेले उत्तर. हे काम मुलींवरच सोपवू नये. चांगला पाव मळायला मनगट लागते आणि ते मुलग्यांनाही देवाने दिलेले आहे. पत्नी गेल्यावर साधा वरणभातही करता येत नाही, म्हणून उतारवयात परावलंबी झालेले पुरुष आम्ही घरभेटींत पाहतो, आणि त्यांच्या दुःखातील हा भाग तरी टाळता आला असता असे मनात येते.

वही नवी नसली तरी चालेल. जुन्या डायरीची कोरी पाने पुरतात. आणि सणाची वाट पाहू नये. आज रात्रीच्या आमटीपासून सुरुवात करावी, आमटी करणारी ओट्यापाशी उभी आहे तोवर.